भूत परके, मन मात्र आपलेच

रमजानच्या महिन्यात दुपारी चारनंतर बाजारपेठेत एक दृश्य हमखास दिसते. हातगाड्यांवर खजूर, टरबूज, पपई यांचे ढीग लागलेले असतात. भजी-समोशांच्या कढया तापू लागलेल्या असतात. आणि त्याच गर्दीत मोटारसायकलचा धक्का लागला म्हणून दोन रोजेदार हमरीतुमरीवर आलेले असतात. मग एखादा वडीलधारा मध्ये पडतो आणि एवढेच म्हणतो, "अरे भाई, रोजा है ना?" बहुतेक वेळा भांडण तिथेच मिटते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही हीच आहे. कोणी भांडायला आले, तर आपला रोजा असल्याचे त्याला सांगावे. उलेमा याचा अर्थ असाही लावतात की हे सांगणे समोरच्यापेक्षा स्वतःसाठी आहे. धक्का मारणाऱ्याने राग आणला असे वाटते, पण राग आधीपासून आतच होता. उपाशी पोटाने त्याच्यावरचे झाकण तेवढे उघडले. दिवसभर पाण्याविना राहणे त्या मानाने सोपे. झाकण उघडल्यावर आत जे दिसते ते आपले आहे, हे मान्य करणे अवघड.

हे आतले जग समजून घेण्यात अख्खे आयुष्य घालवणारा एक भारतीय विद्वान २०२४पर्यंत आपल्या शेजारी, गोव्यातल्या बाणावलीत राहत होता, असे म्हटले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. त्यांचे नाव सुधीर काकर. २२ एप्रिल २०२४ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मनोविश्लेषक, लेखक, कादंबरीकार आणि व्यवस्थापनाचे प्राध्यापक अशा त्यांच्या अनेक ओळखी. ते मुसलमान नव्हते आणि रमजानवर त्यांनी पुस्तकही लिहिलेले नाही. तरी या महिन्यात त्यांची आठवण काढण्याला कारण आहे. उपवासाने जे साधायचे असते, म्हणजे स्वतःच्या मनाचा हिशेब, त्याचेच शास्त्र त्यांनी अनेक देशांत शिकले, शिकवले आणि आपल्या मातीत उतरवून पाहिले.

इंजिनिअर ते मनोविश्लेषक

काकर यांचा जन्म १९३८ सालचा, नैनीतालचा. वडील सरकारी अधिकारी, त्यामुळे बालपण पंजाबात सरगोधा, रोहतक अशा गावी गेले. अहमदाबादेत त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केले. पुढे जर्मनीत मानहाइमला व्यवसायाचे अर्थशास्त्र आणि ऑस्ट्रियात व्हिएन्ना विद्यापीठात अर्थशास्त्राची डॉक्टरेट. चांगल्या घरातल्या मुलाने करावे असे सगळे काही त्यांनी केले.

मध्येच, १९६४ साली, एक भेट झाली. काकर यांच्या आत्या-मावशीच्या पिढीतल्या, नात्यातल्या कमला चौधरी या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक होत्या. त्याच सुमारास एरिक एरिक्सन हे नामवंत मनोविश्लेषक अहमदाबादेत मुक्कामी आले. गांधीजींनी १९१८ साली गिरणी कामगारांसाठी जो लढा दिला, त्याचा ते अभ्यास करत होते. त्यातून १९६९ साली त्यांचे 'गांधीज ट्रुथ' हे पुस्तक आले. एरिक्सन यांच्याकडे विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती, तरी ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. या माणसाशी बोलताना तरुण काकरांना आपली वाट सापडली. काही काळ ते हार्वर्डला एरिक्सन यांच्या हाताखाली राहिले.

या वाटेची एक अट होती. मनोविश्लेषणाच्या परंपरेत दुसऱ्याच्या मनावर उपचार करायचे असतील, तर आधी स्वतः रुग्णाच्या जागी यावे लागते. वर्षानुवर्षे, आठवड्यातून अनेकदा, एका अनुभवी विश्लेषकासमोर आपली स्वप्ने, भीती, हेवेदावे उघडे करावे लागतात. काकर यांनी हे फ्रँकफर्टच्या सिग्मंड फ्रॉइड संस्थेत १९७१ ते १९७५ या काळात केले. त्या वेळी त्या संस्थेचे प्रमुख होते अलेक्झांडर मिचर्लिश. नाझी काळात जे घडले त्याची जबाबदारी मनावर न घेता जर्मन समाज झटपट पुढे निघून गेला, हे मिचर्लिश आणि त्यांच्या पत्नी मार्गारेटे यांनी १९६७च्या एका गाजलेल्या पुस्तकात मांडले होते. एका माणसाप्रमाणे अख्खा समाजही स्वतःपासून तोंड लपवू शकतो, हा धडा त्या वास्तूच्या हवेतच होता.

उर्दूत मानसशास्त्राला 'नफ्सियात' म्हणतात. हा शब्द आला 'नफ्स'वरून. नफ्स म्हणजे माणसाचा 'स्व', त्याचे हवे-नको, त्याचा हट्ट. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्थांचा उल्लेख आहे. वाईटाकडे ओढणारा 'अम्मारा', स्वतःलाच टोचणी लावणारा 'लव्वामा' आणि समाधान पावलेला 'मुतमइन्ना'. नवव्या शतकात बगदादेत हारिस मुहासिबी नावाचे सूफी होऊन गेले. 'मुहासबा' म्हणजे स्वतःचा हिशेब. त्यावर त्यांचा एवढा भर होता की तोच त्यांची ओळख बनला. फ्रॉइडच्या 'अनकॉन्शस'ला उर्दूत 'लाशऊर' म्हणतात. मराठीने त्याला 'नेणीव' हा किती सुरेख शब्द दिला आहे! जे आपल्यातच आहे, पण आपल्याला ठाऊक नाही. फ्रॉइडचा सिद्धांत आणि सूफींचा मार्ग एकच आहेत, असे म्हणणे चुकीचे ठरेल. एकाला ईश्वराची गरज वाटत नाही, दुसऱ्याचा शेवट ईश्वरातच होतो. पण पहिली पायरी दोघांचीही सारखीच. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या आत उतरायचे.

दिल्लीतला दवाखाना

१९७५ साली काकर दिल्लीत परतले आणि त्यांनी दवाखाना सुरू केला. युरोपात शिकलेली पद्धत अशी की विश्लेषकाने कमी बोलायचे, सल्ला द्यायचा नाही, रुग्णाने आपले आपण उत्तर शोधायचे. भारतातला रुग्ण मात्र वेगळ्याच अपेक्षेने येतो. त्याच्याबरोबर आई असते, मोठा भाऊ असतो. त्याला सल्ला हवा असतो, आधार हवा असतो. त्याच्या मनात समोरचा माणूस तज्ज्ञ कमी आणि गुरू जास्त असतो. विश्लेषक गप्प बसला, तर त्याला ती शास्त्रीय शिस्त वाटत नाही, कोरडेपणा वाटतो.

इथे दोन वाटा होत्या. भारतीय रुग्णच अपरिपक्व आहे असे म्हणून मोकळे व्हायचे, किंवा पाश्चात्त्य शास्त्र आपल्या कामाचे नाही म्हणून सोडून द्यायचे. काकर यांनी दोन्ही नाकारल्या. माणसाचे मन घडते ते घरात, भाषेत, आईच्या कुशीत आणि आजीच्या गोष्टींत. मग मनाच्या शास्त्रातही ते घर आणि ती भाषा यायला हवी, असे त्यांनी मांडले. 'द इनर वर्ल्ड' हे त्यांचे १९७८चे पुस्तक याच विचारातून आले. त्यातले चित्र मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू घरातले आहे, ही त्याची मर्यादा. पण पश्चिमेचा माणूस हाच माणसाचा एकमेव नमुना नव्हे, हे इतक्या ठामपणे आणि इतक्या अभ्यासाने सांगणारे तेव्हा फार थोडे होते.

मग ते निघाले, देशातले मनाचे वैद्य पाहायला. १९८२ साली आलेल्या 'शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स' या पुस्तकात मांत्रिक आहेत, आयुर्वेद आहे, तिबेटी उपचार आहेत. आणि त्याच्या सुरुवातीलाच दिल्लीतल्या पत्तेशाह दर्ग्याचे पीर आहेत. युरोपात शिकून आलेला मनोविश्लेषक एका पिराजवळ बसून लोक काय दुःख घेऊन येतात आणि काय घेऊन परत जातात ते पाहतो. जिन्नावर त्याचा विश्वास नाही. पण आलेल्या माणसाची तो टिंगलही करत नाही. हा उपचार करणाऱ्याला कळलेले असे काय आहे, जे मला शिकवले गेले नाही, एवढेच तो विचारतो. दुसऱ्या संस्कृतीत शिरण्याचा याहून सभ्य मार्ग सांगता येणार नाही.

मेहंदीपूरचे मुसलमान भूत

याच शोधात काकर राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजी मंदिरात गेले. भूतबाधेसाठी हे हनुमानाचे ठाणे प्रसिद्ध आहे. तिथली सगळी भाषा कोर्टाची. आधी अर्जी आणि दरख्वास्त, मग भुताची पेशी. रुग्ण एकटा नसतो, घरचे माणूस सोबत राहते. आजाराचा ठपका रुग्णावर येत नाही, तो भुतावर जातो. त्यामुळे घरच्यांना त्याला दोष न देता सांभाळता येते. या व्यवस्थेतले शहाणपण काकर यांनी मोकळ्या मनाने नोंदवले.

पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. हिंदू रुग्णांना लागलेल्या भुतांत कितीतरी भुते मुसलमान निघत होती. असे का व्हावे? काकर यांचे उत्तर मनोविश्लेषकाचे आहे. माणसाच्या मनात राग असतो, वासना असते, घरात निषिद्ध मानलेल्या इच्छा असतात. 'हे माझे आहे' असे म्हणवत नाही. मग ते ज्याच्या पदरात टाकता येईल असा कोणी तरी लागतो. आपल्याहून वेगळा, थोडा भीतिदायक, शेजारीच राहणारा आणि तरी परका. राग माझा नाही, त्याचा आहे. तो माझ्या अंगात शिरला आहे.

हे वाचून मुस्लिम वाचकाला वाईट वाटणे साहजिक आहे. पण क्षणभर थांबून त्याने आपल्याही मोहल्ल्यात पाहावे. आमिलाकडे जेव्हा एखाद्या मुलीला नेतात, तेव्हा तिला लागलेला जिन्न नमाजी, दीनदार निघाला असे किती वेळा ऐकू येते? तोही अनेकदा दुसऱ्याच धर्माचा, दुसऱ्याच वस्तीचा, नदीपलीकडच्या पिंपळावरचा असतो. परक्याच्या पदरात आपले ओझे टाकण्याची ही खोड कोणा एका धर्माची नाही. ती नफ्सची आहे.

रमजानमध्ये सैतान साखळदंडाने जखडले जातात, असे हदीसमध्ये येते. दर वर्षी एखादा चौकस मुलगा मदरशात किंवा घरी प्रश्न विचारतोच. सैतान बांधलेला आहे, तर मग रमजानमध्येही माणसे खोटे का बोलतात, मापात पाप का करतात? उलेमांचे एक उत्तर असे की सैतान बांधला गेला, पण नफ्स मोकळाच आहे ना! हा महिना म्हणूनच मोठा कसोटीचा. बाकीचे अकरा महिने 'सैतानाने करवले' म्हणायची सोय असते. या महिन्यात ती सोय नाही.

दुधातले विष

काकर यांचे सर्वांत धाडसी काम यापुढचे. १९९० च्या डिसेंबरात हैदराबादेत भीषण दंगल झाली. तिच्या निमित्ताने त्यांनी हिंदू-मुस्लिम हिंसेच्या मुळाशी जायचे ठरवले. जुन्या शहरात ते दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलले. ज्यांची घरे गेली, माणसे गेली त्यांच्याशी, आणि दंगलीत उतरणाऱ्या पैलवानांशीही. या पैलवानांना आपण मारेकरी आहोत असे वाटत नव्हते, ते स्वतःला आपापल्या कौमचे रखवालदार समजत होते. त्या अभ्यासातून 'द कलर्स ऑफ व्हायलन्स' हे पुस्तक तयार झाले.

या पुस्तकाची सुरुवात काकर स्वतःपासून करतात. फाळणीच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते, रोहतकला होते. पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेले नातेवाईक घरात होते आणि त्यांच्या तोंडच्या कहाण्या या मुलाच्या कानावर पडत होत्या. 'दुसऱ्या'चे जे चित्र त्या वयात मनावर उमटले, ते शास्त्रज्ञ झाल्याने आपोआप पुसले जात नाही. म्हणून ते आधी कागदावर मांडायचे, तपासायचे आणि मगच दुसऱ्यांच्या मनाविषयी बोलायचे. फ्रँकफर्टमधली चार वर्षे इथे कामी आली.

दंगलीच्या काळात पसरणाऱ्या अफवांवर त्यांनी जे लिहिले ते आजही कोणी विसरू नये. या अफवा बऱ्याचदा खाण्यापिण्याच्या असतात. दुधात विष घातले, पाण्यात काही तरी मिसळले. दोन्हीकडे अफवा तीच, फक्त विष घालणारा बदलतो. हे असे का, याचे उत्तर काकर यांना गुरूंच्या, म्हणजे एरिक्सन यांच्या सिद्धांतात मिळते. एरिक्सन यांच्या मते मुलाच्या आयुष्यातला पहिला धडा विश्वासाचा असतो आणि तो त्याला मिळतो पाजताना, भरवताना. जे तोंडात येते ते चांगले आहे, देणारा हात आपला आहे, या खात्रीवर पुढचे सगळे आयुष्य उभे राहते. दुधात विष असल्याची अफवा नेमका त्या पायावर घाव घालते. मोठ्या माणसाला ती क्षणात लहान, भेदरलेले मूल करून टाकते. भेदरलेल्या माणसाच्या हातात मग दगड द्यायला वेळ लागत नाही.

आज अफवेला दंगलीची वाट पाहावी लागत नाही. ती मोबाइलवर सकाळी चहाच्या आधी येते. फळवाल्याने काय केले, हॉटेलवाल्याने काय मिसळले, याचे व्हिडिओ फिरतात. कुठला, कधीचा, खरा की खोटा, कोणी विचारत नाही. एका गाडीवरची गर्दी कमी होते आणि दुसऱ्या गाडीवरची वाढते. जाणारा विश्वास मात्र दोन्ही गाड्यांवरून जातो.

कुठे थांबायचे

काकर यांचे सगळेच पटावे असे नाही. मुसलमानांच्या मनाविषयी लिहिताना त्यांनी गतवैभवाच्या दुःखाची, अंदलुसच्या म्हणजे गमावलेल्या मुस्लिम स्पेनच्या खंतीची चर्चा केली आहे. हवेल्या आणि जहागिऱ्या गेलेल्या घराण्यांत ही खंत असेलही. पण मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा मोमीन, मंडईत पहाटे भाजी उतरवणारा बागवान, यांच्या आजोबांकडे कुठले तख्त होते? त्यांचे दुखणे गमावलेल्या राज्याचे नाही, विजेच्या बिलाचे आहे, पोरीच्या शाळेचे आहे, भाड्याने घर न मिळण्याचे आहे. मनाचा अभ्यास कितीही खोल गेला, तरी या प्रश्नांना तो उत्तर देऊ शकत नाही. अन्याय झालेल्या माणसाला 'तू आत डोकावून पाहा' म्हणणे हा आणखी एक अन्याय आहे. न्याय न्यायालयात मिळावा, सरकारात मिळावा. मनाचा हिशेब त्याच्या बदल्यात मागायचा नसतो.

तसेच दर्ग्यातल्या उपचारांचेही. काकर यांनी त्यांचा मान राखला, म्हणून तिथे चालते ते सगळे योग्य ठरत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आसरास्थानाला आग लागली. तिथल्या मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवले होते. पळता न आल्याने २८ जण जळून गेले. सैतानाला बांधायचे सोडून आजारी माणसाला बांधण्याचा हा परिणाम. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांची कुटुंबे मोठ्या आशेने आपला माणूस घेऊन येतात. त्यांच्या श्रद्धेला हात लावण्याचे कारण नाही. पण गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम राबवला गेला, तो पाहण्यासारखा आहे. तिथे मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला तिथल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतातही. पीर आणि डॉक्टर यांना एका अंगणात आणता येते, हे त्यातून सिद्ध झाले. असे अंगण प्रत्येक मोठ्या दर्ग्यात आणि देवस्थानात का असू नये?

तीन दिवसांचे गुरू

काकर यांच्या कारकिर्दीला आणखी एक अंग आहे. फ्रान्समध्ये फाँतेनब्लो इथल्या 'इन्सिआड' या व्यवस्थापन संस्थेत १९९४पासून जवळपास दोन दशके ते नेतृत्व हा विषय शिकवत होते. देशोदेशींचे अधिकारी तिथे येत. माणसे आणि कंपन्या यांच्यामागचे मन वाचायची त्यांना जुनी आवड होती. कारखान्यातल्या कामाचा सेकंदा-सेकंदाचा हिशेब मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरचे मानसशास्त्रीय चरित्र त्यांनी १९७० साली लिहिले. या टेलरला लहानपणी दुःस्वप्ने पडत. पाठीवर झोपले की ती पडतात असे वाटून त्याने झोपेत कूस बदलल्यास टोचून जागे करणारा पट्टाच तयार केला होता. साऱ्या जगाच्या कामगारांना घड्याळाच्या शिस्तीत बसवणारा माणूस आधी स्वतःच्या झोपेला शिस्त लावू पाहत होता. बाहेरच्या व्यवस्थेत आतली बेचैनी कशी उतरते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

आज या क्षेत्राला 'कोचिंग' म्हणतात. साहेबाशी सतत खटके उडतात, ते साहेबामुळे की त्याच्यात वडील दिसतात म्हणून? हाताखालच्या माणसाने प्रश्न विचारला की अपमान का वाटतो? असे प्रश्न विचारायला शिकवणे हे चांगल्या कोचचे काम. आणि त्यात संस्कृतीचे भान लागतेच. जिथे माणूस साहेबात घरचा कर्ता शोधतो, तिथे युरोपचे नियम जसेच्या तसे लावून चालत नाहीत.

आपल्या गावोगावी मात्र कोचिंगची वेगळीच बाजारपेठ उभी राहिली आहे. 'माइंडसेट बदला', 'एकवीस दिवसांत नवे आयुष्य', 'लाइफ कोच व्हा' असे फलक बसस्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कसलाच परवाना लागत नाही. तीन दिवसांचे शिबिर, एक छापील प्रमाणपत्र, की माणूस दुसऱ्याच्या संसारात, नैराश्यात, आत्महत्येच्या विचारात हात घालायला मोकळा. यातले काही जण प्रामाणिक असतील, काहींना उपजत समजही असेल. पण विचारायचा प्रश्न एकच आहे. तुम्ही स्वतः कधी कोणासमोर बसला होता का? तुमच्या मनाचा हिशेब कोणी घेतला होता का? सूफी परंपरेतही मुरीद झाल्याशिवाय मुर्शिद होता येत नाही. तिथे फलक लावून गुरू होण्याची सोय नव्हती, आणि फ्रँकफर्टमध्येही नव्हती.

ज्याला खरोखर मदत हवी आहे, त्याने तज्ज्ञाकडे जायला लाजू नये. सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची सेवा फोनवरही उपलब्ध आहे. 'नमाज पढ, सब ठीक हो जाएगा' असे सांगणाऱ्या घरच्यांचे प्रेम खरे असते. पण मधुमेहाला आपण असे म्हणत नाही. नमाजही होते आणि गोळीही घेतली जाते.

शीरखुर्म्याचे दूध

रमजानचे शेवटचे दहा दिवस काही जण मशिदीत एतिकाफला बसतात. बाजार बंद, गप्पा बंद, मोबाइल शक्यतो बंद. इमाम गज्जाली (१०५८–११११) यांनी रोजाचे तीन दर्जे सांगितले आहेत. पहिला पोटाचा, जो सर्वसाधारण माणूस करतो. दुसरा डोळे, कान, जीभ, हात-पाय यांचा. तिसरा मनाचा. पहिल्यावरच बहुतेकांचा महिना संपतो. दुसऱ्याचा आजच्या काळातला अर्थ लावायचा, तर बोटाचाही रोजा हवा. जे खरे की खोटे माहीत नाही, ते पुढे पाठवायचे नाही. तिसरा अवघड खरा, पण त्याची ओळख महाराष्ट्राला नवी नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताने संग्राम सांगितला तो माणसाच्या आतला. हिंदूंनी त्यांना आपले मानले, मुसलमानांनीही.

सुधीर काकर यांनी जो प्रश्न दिल्लीच्या दर्ग्यातून हैदराबादच्या गल्ल्यांपर्यंत नेला, तो साधा आहे. मला त्याच्यात जे वाईट दिसते, त्यातले माझे किती? हा प्रश्न मशिदीतून निघणाऱ्याने स्वतःला विचारावा आणि मंदिरातून निघणाऱ्यानेही. एकाने विचारला आणि दुसऱ्याने नाही, असे झाले तरी पहिल्याचे काही नुकसान नाही. हिशेब ज्याचा त्याचा असतो.

आणि विश्वास मुळी उरलाच नाही, असे ज्याला वाटते, त्याने ईदच्या आदल्या रात्री, चाँदरातीला, गवळ्याच्या डेअरीवर जाऊन पाहावे. मोहल्ल्यातली पोरे दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत उभी असतात. गवळी माप भरत असतो आणि दर वर्षीप्रमाणे वर थोडे ओतत असतो. घरी बायका शेवया, खारीक, चारोळी काढून बसलेल्या असतात. त्या दुधाचा शीरखुर्मा होतो. सकाळी नमाज झाल्यावर त्यातली पहिली वाटी घरातल्या लहान मुलाच्या हातात जाते, आणि दुपारपर्यंत झाकलेले एक भांडे त्याच गवळ्याच्या घरी पोहोचते. तिथेही ते मुलांनाच आधी दिले जाते.